वजनकाट्यावरचा आकडा आणि रक्तातला आकडा : पुण्यातील एका वजन-नियंत्रण केंद्राचा चोवीस आठवड्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये माझे यजमान आणि मी पुण्यातील एका वजन-नियंत्रण केंद्रात नाव नोंदवले आणि तेथील चोवीस आठवड्यांचा उपक्रम नोव्हेंबरअखेर पूर्ण केला. दोघांचे मिळून सव्वीस हजार रुपये शुल्क भरले. त्यात डॉक्टरांच्या चार भेटी, दर पंधरवड्याला आहारतज्ज्ञांची भेट, शरीरातील चरबीचे यंत्रावरील मोजमाप आणि सुरुवातीस व शेवटी अशी दोनदा रक्ततपासणी, एवढ्याचा समावेश होता. काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव येथे देत नाही. पण अशी केंद्रे आता प्रत्येक उपनगरात निघाली आहेत आणि त्यांच्या जाहिरातींत ‘शरीरातील छुपा दाह कमी करा’ हे वाक्य हमखास असते. त्या दाहाचा (जखमेभोवती सूज येते तशा शरीराच्या संरक्षक प्रतिक्रियेचा) आणि वजनाचा संबंध नेमका काय, आणि त्यासाठी पैसे मोजताना कशाचे पैसे मोजावेत, हे मला स्वतःच्या अहवालांतून समजले तसे सांगत आहे.

जाण्याचे कारण माझा उजवा गुडघा. मी शिक्षिका आहे. वय ५२, उंची १५६ सेंटिमीटर, आणि जूनमध्ये वजन ७८ किलो होते, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३२ च्या आसपास. अस्थिरोगतज्ज्ञांनी गोळ्यांपेक्षा वजनाकडे लक्ष द्यायला सांगितले होते. यजमान केवळ सोबत म्हणून आले. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो. नातेवाइकांत ते सडपातळ म्हणूनच ओळखले जातात, आणि त्यांच्या शर्टाखाली पोट सुटलेले आहे याची दखल आजवर कोणी, मीसुद्धा, गांभीर्याने घेतली नव्हती.

पहिले रक्त घरी येऊन नेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अहवाल मोबाइलवर आला, आणि त्यात हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी या, दाहाचे प्रमाण दाखवणाऱ्या तपासणीसमोर १४.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हा आकडा लाल रंगात होता. खाली ‘हृदयविकाराचा धोका अधिक’ अशी छापील ओळ होती. तासाभरात केंद्राच्या ‘आरोग्य सल्लागार’ बाईंचा फोन आला. दाह फार वाढलेला आहे, तो उतरवण्यासाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल तीन महिने घ्याव्या लागतील आणि त्यांचे ४२०० रुपये वेगळे पडतील, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी अहवाल पाहिला आहे का, या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ती रात्र मी भीतीत काढली. हा प्रकार मला अतिशय गैर वाटला आणि आजही वाटतो, कारण घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी काहीही विकता येते.

दोन दिवसांनी डॉक्टरांची भेट झाली, आणि या केंद्राविषयी मी आज आदराने लिहीत आहे ते मुख्यतः त्या चाळीस मिनिटांमुळे. त्यांनी आधी वजनाचा विषय काढलाच नाही. गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सर्दी, खोकला, जखम, लघवीचा त्रास, दाताचे दुखणे यांपैकी काही झाले का, सांधे सकाळी आखडतात का, कोणती औषधे चालू आहेत, असे त्यांनी एकेक करून विचारले. माझ्या खालच्या दाढेची हिरडी दहा दिवसांपासून सुजलेली होती. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून वेळ मारून नेत होते. डॉक्टरांनी सांगितले की हा आकडा दहाच्या वर गेला की तो हृदयाच्या जोखमीसाठी वाचायचाच नसतो. शरीरात कोठे संसर्ग किंवा दुखापत आहे का हे आधी पाहायचे, ते बरे होऊ द्यायचे आणि मग तपासणी पुन्हा करायची. दंतवैद्यांकडे दाढेचे उपचार झाले, तीन आठवडे गेले, आणि पुन्हा केलेल्या तपासणीत आकडा ५.८ आला. एक कॅप्सूलही न घेता.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी ते संयोग पावते, म्हणून त्याचे नाव तसे पडले. ते मुख्यतः यकृतात तयार होते, आणि रक्तात आलेले प्रथिन साधारण एकोणीस तासांत निम्मे होते. त्यामुळे कारण दूर झाले की आकडा काही दिवसांतच खाली येतो. अमेरिकेतील हृदयरोग संघटना आणि तेथील रोगनियंत्रण केंद्र यांनी २००३ मध्ये घालून दिलेल्या मर्यादा आपल्याकडच्या अहवालांवरही छापलेल्या असतात : एकच्या खाली धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर अधिक.

मग दाढ बरी झाल्यावरही माझा आकडा ५.८ का राहिला? वजनाचा विषय खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला.

चरबी म्हणजे जादा अन्न साठवण्याचे कोठार, एवढेच आपण शाळेत शिकलो आणि मीही मुलांना तेवढेच शिकवले. १९९३ मध्ये गोखान होतामिसलिगिल, ब्रूस स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह निर्माण करणारे द्रव्य तयार होत असल्याचे दाखवले, आणि या कोठाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. २००३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. वजन वाढते तशा चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशी, मोठ्या संख्येने शिरतात. सडपातळ माणसाच्या चरबीत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते, तर लठ्ठ माणसांत ते चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले : चरबीच्या पेशी फुगत जातात, त्यांना रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती या संरक्षक पेशींचे कडे पडते. तेथून इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये रक्तात जातात, ती यकृताला जणू संसर्ग झाल्याचा निरोप देतात, आणि यकृत सीआरपी तयार करू लागते. ताप नाही, लाली नाही, सूज दिसत नाही. पण ही यंत्रणा वर्षानुवर्षे मंद गतीने चालू राहते, इन्सुलिनचे काम बिघडवते आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करते.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या सोळा हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सीआरपी वाढलेले असण्याची शक्यता सामान्य वजनाच्या पुरुषांच्या तुलनेत लठ्ठ पुरुषांत २.१३ पट, तर सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या तुलनेत लठ्ठ स्त्रियांत ६.२१ पट आढळली. हा स्त्रियांचा आकडा ऐकून मी स्तब्ध झाले. आपल्याकडे चाळिशीनंतर बाईचे वजन वाढणारच, असे धरून चालतात. शिक्षकखोलीत आम्हीही तसेच बोलत असू.

मी विचारले की दाहामुळे वजन वाढते की वजनामुळे दाह? डॉक्टरांचे उत्तर असे होते की आनुवंशिकतेच्या आधारे केलेल्या अभ्यासांत वजन वाढवणारी जनुके असलेल्या लोकांत सीआरपी वाढलेले दिसते, मात्र सीआरपी वाढवणारी जनुके असलेल्यांचे वजन त्यामुळे वाढत नाही. म्हणजे या बाबतीत प्रवाह बव्हंशी वजनाकडून दाहाकडे वाहतो, आणि सीआरपी हा धूर आहे. धूर कमी दाखवणारी कॅप्सूल घेऊन चुलीतले लाकूड निघत नाही. फोनवरच्या बाईंनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच केंद्राच्या डॉक्टरांनी इतक्या स्पष्टपणे खोडून काढली, हे मला महत्त्वाचे वाटते.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची माहितीही तेथेच मिळाली. पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा किलो चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढण्यात आली; दहा-बारा आठवड्यांनी पाहिले तर सीआरपी, इंटरल्यूकिन-६ किंवा इन्सुलिनचे कार्य यांत उल्लेखनीय फरक पडलेला नव्हता. काढली गेली ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी जागच्या जागी होती, आणि उरलेल्या पेशीही तशाच फुगलेल्या होत्या. आहार आणि हालचालीने वजन उतरते तेव्हा पोटाच्या आतली चरबी कमी होते आणि पेशी आकाराने लहान होतात. काटा दोन्ही वेळी तेवढाच खाली येतो, पण शरीराच्या दृष्टीने या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

यजमानांची गोष्ट तर पुणेकरांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. त्यांचा बॉडी मास इंडेक्स २२.७, म्हणजे भारतीयांसाठीच्या २३ या मर्यादेच्याही खाली. पण कंबरेचा घेर ९४ सेंटिमीटर भरला, आणि भारतीय पुरुषांसाठी ९० ही मर्यादा आहे (स्त्रियांसाठी ८०). यंत्रावर शरीरातील चरबी २७ टक्के आली आणि सीआरपी २.९. वजन योग्य असताना असे का, याचे उत्तर आपल्याच शहरात शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतील माता-बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, अंगाने बारीक पण आतून चरबी अधिक ही भारतीयांची ठेवण जन्मापासूनच दिसते, असे त्यांनी मांडले आहे. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांच्यासह एकच पान प्रसिद्ध केले : दोघांचे छायाचित्र, दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३, आणि शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात ही माहिती भिंतीवर लावलेली आहे. यजमान ती दोनदा वाचून आले आणि त्या दिवसापासून ते सोबत म्हणून येणारे राहिले नाहीत.

चरबी मोजण्याच्या यंत्राविषयी मात्र सावध राहावे. पायाखालून सौम्य विद्युतप्रवाह सोडून ते अंदाज बांधते, आणि शरीरातील पाण्यावर तो अंदाज वर-खाली होतो. एकदा मी सकाळी उपाशीपोटी आणि पुढच्या वेळी दुपारी जेवून गेले, तेव्हा पंधरा दिवसांत चरबी दीड टक्क्याने ‘वाढली’ होती. त्यातच ते यंत्र ‘शरीराचे वय’ असा एक आकडा छापते. सत्तावन्न वर्षांच्या यजमानांना त्याने त्रेसष्ट वर्षे दिली. या आकड्याला वैद्यकीय अर्थ नाही, हे डॉक्टरांनीही मान्य केले. तरीही तो प्रत्येकाच्या हातात दिला जातो, आणि माणसे त्यानेच खचतात. शिंप्याच्या टेपने घेतलेला कंबरेचा घेर मला शेवटपर्यंत अधिक भरवशाचा वाटला.

आहाराची सुरुवात वाईट झाली. पहिल्या भेटीत हाती पडलेला छापील तक्ता आमच्या घरासाठी नव्हताच : सकाळी ओट्स, दुपारी किन्वा, संध्याकाळी ॲव्होकाडो. माझ्या स्वयंपाकघरात ज्वारी-बाजरीचे डबे आहेत आणि कडधान्ये भिजत घालायची रोजची सवय आहे. मी तो तक्ता परत दिला. आहारतज्ज्ञ मुलगी तरुण होती, पण तिने राग मानला नाही. ‘काकू, मग तुम्ही आठवडाभर काय खाता ते मला लिहून द्या,’ असे म्हणाली. त्या वहीवरून तिने जे बदलले ते थोडके होते आणि म्हणूनच टिकले. रात्रीची पोळी आणि भात यांपैकी एकच, पानात उसळ किंवा डाळ दुप्पट, तेल महिन्याला मोजून, शाळेतल्या चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे बंद, आणि रात्रीचे जेवण साडेसातला. खरी कसोटी चातुर्मासात लागली. मी सोमवार आणि एकादशी करते, आणि साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस असा उपवास म्हणजे नेहमीच्या जेवणाहून अधिक खाणे असते, हे मला आजवर कोणी हिशेब मांडून दाखवले नव्हते. तिने उपवास सोडायला सांगितले नाही. साबुदाण्याऐवजी भगर आणि राजगिरा, बरोबर ताक, काकडी आणि मोजून मूठभर दाणे, असा उपवास बांधून दिला. आपल्या माणसाचे पथ्य आपल्या पंचांगाला धरूनच लिहावे लागते, हे तिला कळत होते.

ती मुलगी चौदाव्या आठवड्यानंतर नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्या आहारतज्ज्ञांनी पुन्हा तोच ओट्सचा तक्ता पुढे केला, कारण आमच्या वहीची कोणतीही नोंद केंद्राने ठेवलेली नव्हती. सव्वीस हजार रुपये घेणाऱ्या सेवेकडून ही अपेक्षा नव्हती.

व्यायामाचा भाग चांगला होता. गुडघ्यासाठी खुर्चीतून हात न टेकता उठणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि सपाट रस्त्यावर चालणे, एवढेच आठ आठवडे दिले. गुडघ्याचे दुखणे हा निव्वळ ओझ्याचा प्रश्न, अशी माझी समजूत होती, आणि ती अर्धवट खरी आहे. एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. पण लठ्ठ व्यक्तींत हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही अधिक दिसते, आणि बोटांवर तर आपण चालत नाही. तेव्हा ओझ्याबरोबर रक्तातून फिरणारी दाहक द्रव्येही सांध्यांना भोवत असली पाहिजेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. गुडघेदुखीच्या ४५४ प्रौढांवर दीड वर्ष चाललेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकी प्रयोग याला पूरक आहे : आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांत निव्वळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा इंटरल्यूकिन-६ अधिक उतरले आणि वेदनाही अधिक कमी झाल्या.

सर्वांत नकोशी गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा गट. रोज सकाळी प्रत्येकाने आपले वजन आणि दुपारी ताटाचे छायाचित्र त्यात टाकायचे होते. ज्यांचे वजन वाढले त्यांच्या नावापुढे रडवे चेहरे येत. आमच्याबरोबर आलेल्या दोघीजणी गणपतीनंतर यायच्याच बंद झाल्या, आणि त्यांच्यापैकी एकीने मला सांगितलेले कारण हेच होते. मोठ्या माणसांना लाज देऊन वजन उतरत नाही. मी तिसऱ्या आठवड्यात गटातून बाहेर पडले.

शेवटच्या तपासणीच्या आठवड्यात मला सर्दी-ताप झाला. कार्यालयाने ठरल्या दिवशीच रक्त द्यायचा आग्रह धरला, कारण तारीख बदलण्याची सोय ‘योजनेत नाही’. जूनमधला धडा ताजा होता. मी नकार दिला, तीन आठवडे थांबले आणि तपासणीचे सातशे रुपये वेगळे भरले.

निष्पत्ती अशी. माझे वजन ७८ वरून ७१.५ किलो झाले, कंबर ९८ वरून ९० सेंटिमीटर, सीआरपी ५.८ वरून ३.७, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ६.१ वरून ५.७. यजमानांचे वजन अडीच किलोच उतरले, पण कंबर ९४ वरून ८८ झाली आणि सीआरपी १.६ आले. मला हा मोठा विजय वाटला तेव्हा डॉक्टरांनी मला थोडे थांबवले. अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेल्या सरासरीनुसार एक किलो वजन घटले की सीआरपी साधारण ०.१३ मिलिग्रॅमने उतरते. त्या हिशेबाने माझ्या साडेसहा किलोंना एकही मिलिग्रॅम मिळत नाही. बाकीची घट चालण्याने, झोपेने, बऱ्या झालेल्या हिरडीने किंवा केवळ या तपासणीच्या नेहमीच्या चढउताराने आलेली असू शकते. आकडा अजून तीनच्या वर आहे, हेही त्यांनी लपवले नाही. विकणाऱ्या संस्थेत बसलेला माणूस स्वतःच्याच यशाचा आकडा असा कमी करून सांगतो, हे मी क्वचितच पाहिले आहे.

म्हणून माझे मत विभागलेले आहे. डॉक्टर आणि पहिली आहारतज्ज्ञ यांच्यासाठी मी हे केंद्र कोणालाही सुचवीन. कार्यालय, फोनवरची विक्री, यंत्राचे कागद आणि तो गट यांच्यासाठी नाही. नाव नोंदवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : अहवाल आल्यावर मला आधी फोन कोणाचा येणार, आणि आहारतज्ज्ञ बदलल्यास माझी नोंद पुढच्या व्यक्तीला मिळणार का. त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. ज्यांना केवळ सीआरपी पाहायचे आहे त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. ती तपासणी कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून आणि अंगात दुखणे नसताना ती करावी.

उपक्रमाचे नूतनीकरण आम्ही केलेले नाही. वही घरात आहे, टेप शिवणाच्या डब्यात आहे, आणि जिना चढताना मी आता कठड्याला हात लावत नाही. पुढची तपासणी मार्चमध्ये घराजवळच्या प्रयोगशाळेत करणार आहोत; त्याआधी फेब्रुवारीत दंतवैद्यांची वेळ घेऊन ठेवली आहे.